राखून ठेवलेला आवाज

२९ ऑक्टोबर, बुधवार

सुहासिनी येतेय. इथे, दोह्यात.

अभिजितने ऑफिसातून आल्या आल्या, बूटही न काढता सांगितलं. "नाना, आधी बसा." हल्ली कुणी 'आधी बसा' म्हटलं की गावाकडचं कुणीतरी गेलेलं असतं. पण तो म्हणाला, "ताईची नाटक कंपनी येतेय. पुढच्या महिन्यात. समुद्राकाठच्या मोठ्या थिएटरात प्रयोग आहेत."

मी बसलेलाच होतो, तो उभा राहिलो.

पंचवीस वर्षं माझी मुलगी अमेरिकेत रंगभूमीवर गाते आहे आणि मी तिला तिथे एकदाही पाहिलेलं नाही. आधी माझी पोस्टातली नोकरी, मग व्हिसा, मग बायकोचं, पुष्पावतीचं आजारपण, मग हे गुडघे. अभिजित कधी कधी फोनवर तिच्या नाटकाचे तुकडे दाखवतो. पण त्यात ती अंगठ्याएवढी दिसते. अंगठ्याएवढ्या माणसाचं गाणं ऐकायचं म्हणजे काय?

संध्याकाळी गॅलरीत उभा होतो. खाली अल नस्रच्या रस्त्यावर गाड्यांचे दिवे एकामागे एक वळत होते. मला आमच्या हर्णै बंदरात परतणाऱ्या होड्या दिसायला लागल्या. चौथीत देसाई मास्तरांनी स्वतः रचलेली एक कविता आम्हाला पाठ करायला लावली होती. ती कुठल्याच पुस्तकात नाही. आमच्या वर्गातले आता किती उरलेत कोण जाणे, म्हणजे ती कविता तेवढ्याच डोक्यांत शिल्लक असेल.

गलबत चालले दूर देशी,
शीड भरे वाऱ्याने;
काठावरले घर इवलेसे
पाहत राही दाराने.

मोठ्याने म्हटली. आतून ईरा ओरडली, "आजू, आर यू ओके?" तेरा वर्षांची नात. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. मी म्हटलं, "तुझी आत्या येतेय गं." ती म्हणाली, "आय नो!" म्हणजे सगळ्यांना आधीच माहीत होतं.

२ नोव्हेंबर, रविवार

आज दिवसभर तेच डोक्यात.

इंजिनीअरिंगच्या मोठ्या डिग्रीसाठी गेली होती ती. दुसऱ्याच वर्षी फोन केला, "नाना, मी कॉलेज सोडलं. इथे एका नाटकात कोरसमध्ये घेतलंय मला." पुष्पा मागे उभी होती, तिला काय सांगावं कळेना. मी विचारलं, "गायला मिळतं का?" म्हणाली, "वीस जणांत मिळून." म्हटलं, "मग वीस जणांत तुझा वेगळा ऐकू येऊ दे." पुष्पाने माझ्याशी दोन दिवस अबोला धरला.

पुढे काय काय केलं पोरीने. बसमधून गावोगाव फिरली. उच्चारावरून टोमणे खाल्ले. मोलकरीण झाली, भविष्य सांगणारी झाली, कुणा डॉक्टरची आई झाली, तीसुद्धा तिशीत. तिकडच्या लोकांना सुहासिनी मयेकर म्हणायला जड, म्हणून पाटीवर नुसतं 'सुहा'. चाळिशीनंतर कुठे चांगल्या भूमिका आल्या. एका पेपरने लिहिलं होतं, हिच्या आवाजाला धूर लागलेल्या गुळासारखी गोडी आहे. इंग्रजीत गूळ नव्हता, दुसरं काही होतं. गूळ माझा.

पण तिचं पहिलं स्टेज म्हणजे आमच्या घरातलं बाजलं. देवळाच्या उत्सवात गावातली हौशी मंडळी संगीत नाटक करायची आणि माझा 'वन्स मोअर' पंचक्रोशीत प्रसिद्ध होता. एका आरोळीवर पुढचा प्रवेश थांबायचा, नटाला पद परत म्हणावंच लागायचं. सुहासिनी माझ्या मांडीवर बसून हे पाहायची. घरी आली की बाजल्यावर चढायची, चादर खांद्यावर घेऊन गायची आणि शेवटी माझ्याकडे बघत थांबायची. मी ओरडायचो, "वन्स मोअर!" ती परत गायची. मी परत ओरडायचो. पुष्पा स्वयंपाकघरातून यायची, "पुरे करा हो आता. घसा बसेल तिचा."

५ नोव्हेंबर, बुधवार

मन जरा खट्टू आहे.

पूर्वी दर रविवारी फोन करायची. आषाढीपासून एकही फोन नाही, नुसते मेसेज. तेही इंग्रजी अक्षरांत मराठी. 'Nana kase ahat' अशी ओळ वाचताना मला ठेच लागते. शेवटी ईरा वाचून दाखवते.

अभिजितला म्हटलं, "बोलायला वेळ नाही तिला?"

"टूरवर आहे नाना. झोपेचं, जेवणाचं काही ठरलेलं नसतं."

"दोन शब्द बोलायला किती वेळ लागतो?"

तो नमिताकडे, माझ्या सुनेकडे बघत राहिला. नमिता म्हणाली, "बोलतील हो नाना. इथे आल्यावर समोरासमोर." आणि कुकर बघायला गेली. शिटी झाली नव्हती.

इतकी वर्षं तिकडे राहिल्यावर मराठी बोलायचा कंटाळा येत असेल. जिभेला सवय राहत नाही. मी समजू शकतो. पण समजणं आणि बरं वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी.

ईराने फोनवर नाटकाची जाहिरात दाखवली. त्यात सुहासिनी करते त्या खाणावळवालीच्या वेशात कुणी गोरीच बाई होती. "हे काय? सुहाआत्याचं काम आहे ना हे?" ईरा म्हणाली, "दॅट्स द अदर कास्ट, आजू." मोठ्या कंपन्यांत दोन-दोन संच असतात म्हणे. मी सगळ्या दिवसांची तिकिटं काढ म्हणालो होतो. अभिजित म्हणाला, "फक्त शुक्रवारची मिळाली." एवढ्या मोठ्या थिएटरात?

८ नोव्हेंबर, शनिवार

गजेंद्र आला होता. नांदेडचा. हमद पोर्टला कंटेनरच्या कामात आहे आणि इथल्या मराठी मंडळींचे कार्यक्रम तोच करतो.

"नाना, काय ऐकायलोय मी! लेक यायलीय म्हणं तुमची?"

"येतेय. नाटक घेऊन."

"मग एक दिस आमच्यात यायला पायजे बघा. शनिवारी हॉल घेतो. जास्त काही नको, एक नाट्यपद, एक अभंग. लेकरांना तरी कळू दे आपलं माणूस कुठवर पोचलंय."

मी शब्द दिला. तिला विचारायची गरजच वाटली नाही. अभिजित घरात होता, तो एकदम म्हणाला, "गजूभाऊ, अजून काही पक्कं करू नका."

"का हो? अमेरिकेची झाली म्हणून आमच्यात गाणार न्हाई का?" गजेंद्र हसत म्हणाला. पण मला ते लागलं. खरं सांगायचं तर मलाही तीच भीती होती.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आली!

विमानतळावर तिला आधी मीच ओळखलं. केस पिकलेत, रंगवलेले नाहीत. पुष्पाचंच कपाळ. गळ्याभोवती लोकरीचा मफलर, या दोह्यात! जवळ आली, वाकली, मग मला मिठी मारून कितीतरी वेळ उभी राहिली. मी म्हटलं, "प्रवास कसा झाला?" तिने मान हलवली. "दमलीस?" मान हलवली. "आई असती तर..." तेव्हा मात्र माझ्या खांद्यावर डोकं टेकलं.

गाडीत बसल्यावर तिने फोनवर काहीतरी टाइप केलं आणि ईराकडे दिला. ईराने वाचलं, "नाना, आवाज राखून ठेवलाय. शुक्रवारपर्यंत बोलायचं नाही असा नेम आहे. रागावू नका."

मी कसला रागावतो! उलट अभिमान वाटला. गवय्ये असतातच असे. आमच्या गावचा कृष्णाचं काम करणारा सोनारही उत्सवाआधी आठवडाभर गरम पाणी पिऊन गप्प बसायचा. पोरीने गावातलं काही टाकलेलं नाही.

मग तिला मी आणि मला ईराच्या तोंडून ती, असं बोलणं सुरू झालं. ईराला 'ळ' म्हणता येत नाही. "नाना, तुम्ही वाललात." वाळलात, म्हणजे बारीक झालात. आम्ही तिघंही हसलो. सुहासिनी हसली तेव्हा नुसते खांदे हलले.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी नजम्याच्या बाजारात गेलो, बसने, एकटा. ज्येष्ठमध आणायला. सोहेल म्हणून एक मसालेवाला आहे, त्याच्या दुकानात 'ज्येष्ठमध' म्हणालो तर त्याने मधाची बाटली काढली. "नहीं, लकडी," म्हणालो, तर म्हणतो, "चाचा, लकडी का काम पीछे गली में." मग मी गळा धरला, खोकलो, सा लावून दाखवला. दुकानातली सगळी माणसं बघायला लागली. शेवटी तो म्हणाला, "अरे मुलेठी! गाना गाते हो?" म्हटलं, "बेटी गाती है. अमरीका में." त्याने मूठभर जास्तच घातली.

दुपारी ती हॉटेलवरून जेवायला आली. तिच्यासाठी मी नमिताला मुद्दाम सोलकढी करायला लावली होती, हिरवी मिरची, लसूण घालून, झणझणीत. कोळंबीचं तिखलं होतं. लहानपणी सोलकढीवर तुटून पडायची. तिने वाटीला हात लावला, बाजूला सारली आणि फोनवर लिहिलं. ईराने वाचलं, "तिखट, आंबट आणि गार मला चालत नाही." वरणभात खाल्ला, बिनमिठाचा असावा तसा.

मी वाटी परत आत नेऊन ठेवली. पण नेम म्हणजे इतका? घरची सोलकढी?

मग शनिवारच्या कार्यक्रमाचं सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली. हळूच मान हलवली. नाही. "एकच पद म्हण गं. मी शब्द दिलाय." परत नाही. अभिजित मध्ये पडला, "नाना, खलास, पुरे आता. ती नाही म्हणतेय ना." मी उठून खोलीत गेलो. थोड्या वेळाने ती आली, कॉटच्या कडेला बसली. माझा हात घेतला आणि स्वतःच्या गालाला लावून ठेवला. गाल तापल्यासारखा वाटला. मी ज्येष्ठमधाचा तुकडा दिला, तो तिने तोंडात धरला.

माझा राग राहिला नाही. गजेंद्रला काय सांगायचं ते बघू.

१५ नोव्हेंबर, शनिवार

काल घरी आल्यावर लिहायला बसलो होतो, पण नुसती तारीख टाकून उठलो. आज सकाळी शांतपणे लिहितो. जन्मात एकदा असं होतं.

नाटक एका जुन्या बंदरातल्या खाणावळवाल्या विधवेचं. माणसं बोटीवर जातात, काही येतात, काही येत नाहीत. पहिला अंक संपत आला तरी सुहासिनी फारशी बोललीच नाही. नुसती वावरत होती, ताटं मांडत होती, पुसत होती. पण कशी वावरत होती! पुष्पा पदराला हात पुसायची तसेच हात पुसले. हे कुठल्या अमेरिकनाने शिकवलं असणार?

मग सगळे निघून जातात. रिकामं टेबल. ती मुलाचं ताट मांडते, जो परत येणार नाही, आणि गाते. ताट वाढलंय, मीठ वाढायचं राहिलं, तू आलास की वाढीन, असं काहीसं गाणं. इंग्रजी होतं, पण मला एकेक शब्द कळला. अगदी खालून सुरू केलं. आवाज जाड झालाय आता, तळाशी गेलाय, विहिरीतून पाणी काढताना घागर कडेला लागते तसा जरा खरखरतो. वरचा सूर तिने घेतलाच नाही, त्याच्या पायरीशी आली आणि थांबली. ते थांबणंच इतकं सुंदर होतं, की मी पुढच्या खुर्चीची पाठ धरून बसलो.

टाळ्या झाल्या. शहाण्यासुरत्या, सभ्य टाळ्या. ती वळली.

आणि मी उभा राहिलो. गुडघे दुखले नाहीत. मी ओरडलो, "वन्स मोअर!"

सगळं थिएटर वळून बघायला लागलं. टॉर्चवाली बाई धावत आली. नमिताने सदरा ओढला, "नाना, बसा हो!" अभिजितचा चेहरा पांढरा पडला. "नाना, नको. नको," असं म्हणत होता. लाज वाटली असेल त्याला, मोठ्या लोकांत बसणारा. मी पुन्हा ओरडलो. हर्णैला ओरडायचो तसा, हात तोंडाशी धरून.

ती थांबली. पाठमोरी होती, तशीच थांबली. मग वळली. अंधारात मी तिला दिसलो नसेन, पण ती बरोबर माझ्याकडे बघत होती. एक हात गळ्याशी नेला, जणू नमस्कारच. मग वाद्यवाल्यांकडे बघून बोट वर केलं. त्यांचा मुख्य गोंधळला, मान हलवत राहिला. तिने पुन्हा बोट वर केलं.

आणि ती परत गायली.

या वेळी वरचा सूर घेतला. पायरीशी थांबली नाही, चढली. तिथे आवाज एकदम दोन झाला. एक वर गेला, एक मागे राहिला. गहिवरून आलं तिला. पहिल्या वेळी गायली ती कला, दुसऱ्या वेळी गायली ती माझी पोर. लोक उभे राहिले. माझ्या शेजारचा अरबी गृहस्थ डोळे पुसत होता. त्याने माझा हात हातात घेतला आणि त्याच्या भाषेत काहीतरी म्हणाला.

एक गंमत. मध्यंतरानंतर त्याच कपड्यांत दुसरीच बाई आली, जाहिरातीतली. सगळा अंक तिनेच केला. नमिताला विचारलं तर म्हणाली, "तिकडे तसंच करतात, नाना." विचित्र पद्धत. आपल्याकडे असं केलं तर तिकिटाचे पैसे परत मागतील.

प्रयोगानंतर भेटली नाही. मेसेज आला. 'Thakle. Udya yete.' हा मात्र मी स्वतः वाचला.

१६ नोव्हेंबर, रविवार

काल आली नाही. आजही नाही. रविवार इथे कामाचा दिवस, तरी अभिजित ऑफिसला गेला नाही, सकाळपासून कुठे बाहेर आहे. नमिताला विचारलं की म्हणते, "येतील, इन्शाल्ला." ती हा शब्द कधी वापरत नाही.

गजेंद्रचा फोन आला. कालचा हॉलचा कार्यक्रम रद्द झाला, ते त्याने काढलंच नाही. "नाना, प्रयोगाला आमचे चार जण व्हते. म्हणायलेत, म्हाताऱ्यानं थेटर डोक्यावर घेतलं! तुमचं नाव झालं बघा दोह्यात."

मी हसलो.

१७ नोव्हेंबर, सोमवार

अभिजित आज माझ्यावर ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा.

आला तो तडक माझ्या खोलीत. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं ओरडायला?"

"अरे, गाणं रंगलं होतं..."

"एकदा गायची परवानगी होती तिला! एकदा!" मग खाली बसला, माझ्या चपलांशेजारी, जमिनीवर. आणि सांगितलं.

जुलैपासून तिच्या स्वरयंत्राला गाठ आहे. तिथून रक्त येतं. डॉक्टरांनी गाणं बंद करायला सांगितलं होतं, बोलणंही. टूरभर ते काम दुसरीच बाई करते आहे. ही नुसती कंपनीबरोबर फिरत होती, कारण दोह्याचे प्रयोग ठरलेले होते. कंपनीच्या पाया पडून तिने एक अंक मागून घेतला. एक अंक, एक गाणं, खालच्या पट्टीत. वरचा सूर घ्यायचा नाही. मग परत जाऊन ऑपरेशन. गाठ तेवढीच राहिली तर आवाज वाचण्याची बरीच आशा होती.

"आणि आता?"

"फुटलंय आत. खूप."

मी विचारलं, "मला का नाही सांगितलंत? एका शब्दाने जरी..."

"तिने शपथ घातली होती. म्हणाली, नानांना सांगितलं तर ते गाणं ऐकणार नाहीत. माझा घसा ऐकत बसतील."

नमिता दारात उभी होती. म्हणाली, "डॉक्टर म्हणाल्या, कदाचित एकदा गाऊनही फुटलं असतं. सांगता येत नाही, नाना."

सांगता येत नाही. पण मी तो सूर ऐकलाय. आवाज कुठे दोन झाला ते मला ठाऊक आहे. मी त्याला गहिवर म्हणालो. परवा इथेच लिहिलंय, खोडून टाकावंसं वाटतं. खोडणार नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सुहासिनीला ठेवलंय त्या दवाखान्यात गेलो. जायला धीर होत नव्हता. ईरा म्हणाली, "आय विल होल्ड युअर हँड." तिने धरला.

डॉक्टर शफा म्हणून बाई आहेत, लखनौकडच्या. माझ्याशी हिंदीत बोलल्या. "बाबूजी, अभी आराम. आगे वहाँ के डॉक्टर देखेंगे." मी विचारलं, "गाएगी?" त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या पेशंटकडे गेल्या.

सुहासिनी उशीला टेकून बसली होती. मफलर नव्हता. मी बोलायचं ठरवून गेलो होतो, वाक्यं जुळवली होती. एकही आठवेना. म्हटलं, "तू परत का गायलीस गं? हात जोडून आत जायचं होतंस. म्हाताऱ्याला काय, तो ओरडतो."

तिने फोन घेतला. खूप वेळ लिहीत राहिली. पुसायची, परत लिहायची. मग ईराला दिला.

ईरा वाचायला लागली. मी तिच्या 'ळ'ला हसायचो. आज हसलो नाही.

"नाना, पंचवीस वर्षं काम केलं. टाल्या मिलाल्या. लोक उभे राहिले. पण तिकडे वन्स मोअर नसतो. गाणं संपलं की पुढचा सीन. प्रत्येक गाण्यानंतर मी एक क्षण थांबायची. दिग्दर्शक रागवायचे, उगाच पॉझ का घेतेस. मला सांगता यायचं नाही. मी वाट बघत होते..." ईरा थांबली. "वाट मीन्स वेट, राइट?"

"हो," मी म्हटलं.

"मी वाट बघत होते. शुक्रवारी तुम्ही दिलात. मग मी कशी जाणार होते आत?" पुढे ईरा म्हणाली, "लास्ट लाइन इज इन इंग्लिश. इट वॉज वर्थ इट."

"म्हणजे?"

पोरीने विचार केला. आयुष्यात पहिल्यांदा आपणहून मराठीत बोलली माझ्याशी. "म्हणजे... किंमत बरोबर होती."

सुहासिनी माझ्याकडे बघत होती. मी हो म्हणावं असं तिला वाटत होतं. मी हो म्हणालो. पोस्टात चाळीस वर्षं पार्सलं जोखली मी, पण हे वजन माझ्या तराजूत बसत नाही. तिने मागितलं नसतं तर मी दिलं नसतं, मी दिलं नसतं तर तिचं गेलं नसतं. आणि मी गप्प बसलो असतो, तर ती तशीच पाठमोरी आत गेली असती, जन्मभराची. यातलं काय बरं, मला कळत नाही. कळेल असंही वाटत नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

गेली. विमानतळावर मी काही बोललो नाही, तीही नाही. शेजारून जाणाऱ्यांना वाटलं असेल, बापलेकीचं भांडण झालंय.

१९ डिसेंबर, शुक्रवार

ऑपरेशन झालं. अभिजितला तिच्या मैत्रिणीचा फोन आला होता. गाठ काढली. पण स्वराच्या दोन्ही पडद्यांवर वण राहिलाय. बोलता येईल. गाता येणार नाही. अभिजितने हे दोन्ही एका दमात सांगितलं, मला मध्ये आशा धरायला जागा ठेवली नाही. बरं केलं.

गजेंद्र येऊन गेला. त्याला कळलं असावं. चहा प्यायला. जाताना म्हणाला, "नाना, मी उगं बोललो तवा. अमेरिकेची झाली म्हणून." मी म्हटलं, "तू काय, मीही तेच समजलो होतो."

संध्याकाळी गॅलरीत उभा राहिलो. कविता म्हणावीशी वाटली नाही.

८ जानेवारी, गुरुवार

दुपारी घरात कुणी नव्हतं. फोन वाजला, अनोळखी नंबर, लांबलचक. उचलला.

कुणीतरी घोगऱ्या, जाड आवाजात काही म्हणालं. पुरुष की बाई कळेना. शब्दही नीट लागला नाही. मला वाटलं, ते बँकवाले, नाहीतर कुणी फसवणारे. हिंदीत म्हटलं, "किससे बात करना है?" पलीकडे शांतता. मी म्हटलं, "राँग नंबर," आणि ठेवून दिला.

स्वयंपाकघरात जाऊन पाणी घेतलं. पेला तोंडाला लावला आणि मग तो शब्द लागला. 'नाना' म्हणालं होतं ते.

परत फोन करायला मला येत नाही त्या नंबरवर. कुठलं बटण दाबायचं ते ईरा दाखवते. मी फोन हातात धरून उभा राहिलो. देवा, परत वाजू दे, एवढंच म्हणत होतो. किती वेळ गेला कोण जाणे.

वाजला.

"नाना." या वेळी सावकाश, एकेक अक्षर ठेवत. "मी बोलतेय. मैत्रिणीच्या फोनवरून. आजपासून थोडं थोडं बोलायची परवानगी मिळाली."

सुहासिनीचा आवाज कुठे होता त्यात? मी शोधत होतो. गूळ नव्हता, धूर तेवढा होता. कुठेतरी 'बोलतेय'मधल्या 'य'ला ती ओढ होती, पुष्पाची. ती सापडली, तिला धरून बसलो.

"जेवलीस का?" मी विचारलं.

ती सांगायला लागली. भात खाल्ला, मैत्रिणीने केलेला, गिचका झाला होता. बाहेर बर्फ आहे. शेजारच्या घरातल्या मुलांना नाटक शिकवायचं चाललंय, शब्द कमी आणि हातवारे जास्त. मध्ये मध्ये दम घ्यायला थांबत होती. ती पुन्हा बोलेपर्यंत मी थांबलो, मध्ये एकदाही बोललो नाही.

"नाना, आहात ना?"

"आहे, आहे. बोल."

मग म्हणाली, "मघाशी ओळखलं नाहीत मला."

मी म्हटलं, "छे गं. लाइन खराब होती."

"हो," ती म्हणाली, "इकडेही खराबच येतेय."